क्लिअर लेकहून आल्यावर

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

काल ताई आम्हाला क्लिअर लेकला घेऊन गेली. आयोवातलं तळ्याकाठचं छोटं गाव. तिथल्या सर्फ बॉलरूममध्ये बडी हॉली, रिची व्हॅलेन्स आणि बिग बॉपर या १९५९ मध्ये विमान अपघातात गेलेल्या रॉक अँड रोल गायकांच्या आठवणीत दर हिवाळ्यात कार्यक्रम होतो. तू असतास तर दारातच तासभर रेंगाळला असतास. पहिली इमारत १९४७ मध्ये जळाली, ही १९४८ ची. आत चक्क समुद्रकिनारा केलाय, भिंतींवर ताडाची झाडं आणि छतावर सरकणारे ढग. बाहेर मात्र सगळीकडे बर्फ.

ट्रिब्यूट, म्हणजे गेलेल्या गायकाची गाणी त्याच्या आठवणीत गाणं, ही नुसती नक्कल, असं तू म्हणतोस. काल मला तसं वाटलं नाही रे. गाणाऱ्या मुलाने बडीसारखा काळ्या जाड फ्रेमचा चष्मा लावला नव्हता. बडी एकेका अक्षराचे तुकडे करत, उचकी लागल्यासारखं गायचा, तेही त्याने दोनतीनदाच केलं. बाकी सगळं स्वतःच्या गळ्याने. तरी शेजारच्या आजीबाई डोळे पुसत होत्या. शेवटी सगळे नाचायला उठले. तुझे बाबासुद्धा!

पण पत्र लिहायला बसले ते वेगळ्याच कारणासाठी. मध्यंतरात ताईने मला त्या तिघांच्या शेवटच्या दौऱ्याची हकीकत सांगितली. २३ जानेवारी १९५९ ला मिलवॉकीहून निघालेली ही मुलं रोज नव्या गावात वाजवत होती. गावंही अशी लावलेली की कधी पुढे जायचं, कधी आल्या वाटेने मागे. बसचा हीटर बंद पडला आणि ड्रमरचे पाय थंडीने इतके बधिरले की त्याला दवाखान्यात ठेवावं लागलं. २ फेब्रुवारीला ते इथे वाजवायला आले. पुढचा कार्यक्रम मिनेसोटातल्या मूरहेडला, साडेतीनशे मैलांहून लांब. बडीने छोटं विमान ठरवलं. कशासाठी? थोडी झोप मिळावी आणि मळलेले कपडे धुऊन घ्यावेत म्हणून. कपडे धुवायचे म्हणून, बाळा! हे ऐकल्यापासून माझ्या डोळ्यांसमोर सारखी तुझी ती कपड्यांनी फुगलेली बॅग येतेय.

बिग बॉपरच्या अंगात ताप होता, म्हणून बडीसोबत बास गिटार वाजवणाऱ्या वेलन जेनिंग्जने त्याला विमानातली आपली जागा दिली. रिचीने नाणेफेकीवर जागा जिंकली. मध्यरात्र उलटल्यावर विमान उडालं आणि काही मिनिटांतच शेतात कोसळलं. हवा खराब होती, पुढचं दिसत नव्हतं आणि नुसत्या यंत्रांकडे बघून विमान चालवण्याची परवानगी वैमानिकाकडे नव्हती. हवामानाची पुरती माहितीही त्याला मिळाली नव्हती. तोही २१ वर्षांचाच. बडी २२, बिग बॉपर २८ आणि रिची अवघा १७ वर्षांचा.

त्या रात्री बडीने ज्या फोनवरून बायकोला फोन केला असं सांगतात, तो तिथे अजून जपून ठेवलाय. लोक त्याच्याजवळ उभे राहून फोटो काढत होते. मला काही तिथे थांबवेना. मी बाहेर येऊन तुला फोन लावला, तू उचलला नाहीस. वाजवत असशील.

गाणं सोड असं मी म्हणत नाही. कालचं पाहिल्यावर तर मुळीच म्हणणार नाही. पण तुमचा कार्यक्रम संपला की रात्री दोनला गाडी काढायची, चालवणारा दमलेला, बाकीचे मागे झोपलेले, हे आता पुरे. त्या रात्री तिथेच मुक्काम करा. खोलीचे पैसे मी पाठवते, सगळ्यांच्या. मित्रांसमोर अवघडल्यासारखं होत असेल तर आईने वाढदिवसाचे म्हणून दिलेत असं सांग. ताप असेल त्या दिवशी वाजवू नकोस. आणि गाडीचा हीटर दाखवून घेतलास का, ते कळव.

बाबांनी तुझ्यासाठी तिथला टीशर्ट घेतलाय. माप अंदाजाने घेतलंय, तू बारीक झाला नसशील तर बसेल.

तुझी,
आई