कालव्यावरचा सपाट रस्ता सायकलींसाठी खुला करा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कोकणात सायकल चालवायची म्हणजे घाटी चढायची, हे आपण गृहीतच धरले आहे. सावंतवाडीहून कोणत्याही दिशेने निघा, पंधरा मिनिटांत चढाव लागतो. शाळेतली मुले, भाजी घेऊन बाजाराला येणारी माणसे, साठी ओलांडलेले लोक सायकल सोडतात ती बहुधा या चढावांमुळे आणि त्याच चढावांवर अंगावर येणाऱ्या डंपरांमुळे. असे असताना एक जवळजवळ सपाट आणि वाहनांशिवायची वाट आपल्याकडे तयार आहे, तिच्याकडे कोणाचे लक्ष नाही. ती म्हणजे कालव्याच्या भरावावरचा सेवा रस्ता.

पाण्याला चढ चढता येत नाही, म्हणून कालवाही चढत नाही. दोडामार्ग-बांदा पट्ट्यातले तिलारीचे कालवे पाहा किंवा डोलवहाळच्या बंधाऱ्यावरून निघणारे रोहा-माणगावकडचे कालवे पाहा. डोंगराच्या अंगाने वळसे घेत, वहाळावरून जलसेतूने उडी मारत ते जातात. अशा कालव्याचा उतार किलोमीटरला वीतभर, फार तर दोन वीत. सायकलच्या पायडलला तो जाणवतसुद्धा नाही. शेजारचा सेवा रस्ता पाहणीची जीप जाईल एवढा रुंद असतो. तीन मीटर मिळाले तर दोन सायकली समोरासमोरून जाऊन शिवाय एक माणूस चालू शकतो. अडीच मीटरवरही भागते, त्याहून अरुंद झाले की भांडणे सुरू होतात.

सुशोभीकरणाच्या नावाखाली पेव्हर ब्लॉक आणि दिव्यांचे खांब भरावावर आणण्याआधी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. कालव्याचा भराव म्हणजे लांबलचक मातीचे धरण आहे. त्यात विजेच्या तारांसाठी चर खणला किंवा माथ्यावर वड-पिंपळ लावले, तर पाण्याला वाट मिळते. खेकड्यांची आणि उंदरांची बिळे तेच करतात. आधी बाहेरच्या उतारावर ओल दिसते, मग बारीक झरा लागतो, त्यातून माती वाहू लागली की भगदाड पडायला वेळ लागत नाही. म्हणून भरावात खोदकाम नको, दिव्यांचे खांब नकोत, मोठी झाडे भरावाच्या पायथ्यापलीकडे लावावीत. सायकलींची ये-जा राहिली तर याबाबतीत फायदाच आहे. रोज दहा माणसे जाणार असतील, तर पायथ्याची ओल आठवडाभर कोणाच्या नजरेतून सुटणार नाही. पाटकऱ्याचा, म्हणजे कालव्याचे पाणी सोडणाऱ्या कर्मचाऱ्याचा, फोन नंबर दर किलोमीटरच्या दगडावर रंगवला की झाले.

आता पृष्ठभाग. नुसता तांबडा मुरूम टाकला तर पहिल्या पावसातच चाकोऱ्या पडतात. खाली १५ सेंटिमीटर खडी-मुरुमाचा थर पाणी मारून रोलरने दाबावा आणि वर ५ ते ७ सेंटिमीटर बारीक खडी आणि दगडाची भुकटी मिसळून पुन्हा दाबावी. चढावाच्या रस्त्यावर अशी भुकटी आपल्या पावसात वाहून जाते, कालव्यावर मात्र उतारच नसल्याने ती टिकते. आडवा ढाळ मात्र हवाच, आणि तो कालव्याच्या उलट बाजूला, म्हणजे अडीच मीटर रुंदीला सहा सेंटिमीटर. ढाळ कालव्याकडे दिला तर पावसाचे पाणी अस्तराच्या, म्हणजे कालव्याच्या आतल्या बाजूच्या फरशांच्या, मागे शिरून त्या सुटतात. बाहेरच्या उतारावरून पाणी उतरायला ठरावीक अंतरावर चिऱ्याची पन्हळ बांधावी, नाहीतर तिथे घळी पडतात.

दाट सावलीच्या पट्ट्यात काँक्रीट करावे लागले, तर ते गुळगुळीत घोटू नये. ओले असतानाच खराट्याने आडव्या रेघा ओढाव्यात. जून संपता संपता सावलीतल्या काँक्रीटवर शेवाळाचा पातळ थर धरतो. तो नुसत्या नजरेला दिसत नाही. बोट फिरवले की बुळबुळीत लागतो आणि वळणावर पुढचे चाक त्याच्यावरूनच निसटते. पेव्हर ब्लॉकच्या सांध्यांत तर तो अधिक काळ टिकतो. अंगणात आपण ब्लीचिंग पावडर मारतो, तसे इथे करू नये, ते पाणी कालव्यात आणि पुढे शेतात जाते. तारेचा ब्रश आणि पाणी पुरेसे आहे, पावसाळ्यात महिन्याला एकदा. भाद्रपद सरता सरता कडेची बेणणी करावी, कारण लाजाळू वाटेवर पसरते आणि तिचे वाळलेले काटे ट्यूब पंक्चर करतात.

सर्वांत अवघड प्रश्न मोटारसायकलींचा आहे. चारचाकी अडवणे सोपे आहे. तीन मीटरच्या वाटेत मधोमध एक खांब रोवला की दोन्ही बाजूंना सुमारे दीड मीटर उरते. तो कुलूप लावून काढता येईल असा हवा, कारण दुरुस्तीला जेसीबी न्यावा लागतो. त्याला परावर्तक पट्टी हवी, पहाटेच्या अंधारात न दिसणारा खांब वाहनापेक्षा जास्त घातक ठरतो. पण जिथून सायकलचे हँडल जाते तिथून मोटारसायकलचेही जाते. मग लोक आडवेतिडवे पाइप किंवा अरुंद फिरते फाटक बसवतात. त्यातून तरणाबांड मोटारसायकलवाला गाडी वाकडी करून निघतो, आणि तीनचाकी सायकलवरचा अपंग माणूस बाहेर राहतो. ब्रिटनमधल्या सस्ट्रान्स संस्थेने आपल्या राष्ट्रीय सायकल मार्गांचा आढावा २०१८ मध्ये प्रसिद्ध केला, तेव्हा अशा अडथळ्यांची संख्या १६ हजारांहून अधिक निघाली आणि ते हटवण्याचे काम त्यांना हाती घ्यावे लागले. आपण ते आधी बसवून मग काढण्याच्या फंदात पडू नये. एक खांब, ठळक फलक आणि पहिले सहा महिने सकाळ-संध्याकाळ प्रत्यक्ष माणूस, एवढ्यावरच सवय लागते.

कालव्यात कोणी पडले तर काय, ही शंका रास्त आहे. अस्तर केलेल्या कालव्याच्या बाजू तिरक्या आणि शेवाळलेल्या असतात, चांगल्या पोहणाऱ्यालाही वर चढता येत नाही. म्हणून वाटेची कड कालव्याच्या काठापासून किमान एक मीटर दूर हवी, आणि दर १०० मीटरला अस्तरात पायऱ्या किंवा लोखंडी कड्या हव्यात. साकव आणि जलसेतूवर जिथे हे अंतर मिळत नाही, तिथे कठडा १.४ मीटर उंच लागतो. चालणाऱ्यासाठी कंबरेएवढा कठडा पुरतो, पण सायकलवर बसलेल्याचा तोल त्याच्या वर जातो आणि तो कठड्यावरून पलीकडे पडतो. आपल्याकडचे बहुतेक साकव इथेच नापास होतील.

शेतकऱ्यांचा विचार न करता हे काम कोणी केले तर ते टिकणार नाही. आवर्तन, म्हणजे कालव्याला पाणी सोडण्याची पाळी, सुरू असताना पंपाचे काळे पाइप वाटेवरून आडवे जातात. सायकलस्वार त्यावर आपटतो, पाइप फुटतो, आणि दोघेही बरोबर असतात. काम करतानाच, जिथे पंप बसतात तिथे शेतकऱ्याला विचारून, वाटेच्या खडी-मुरुमाच्या थरात सिमेंटचा १५० मिलिमीटरचा पाइप आडवा पुरून ठेवावा. मग पंपाचा पाइप त्यातून सरकवता येतो. पाइप थरातच राहतो, भरावाला हात लागत नाही. आवरण कमी पडेल तिथे वाट दोन्ही बाजूंना हळूहळू चढवून घ्यावी. गुरांची पाणवठ्याची जागाही आहे तिथेच ठेवावी.

लंडनचा रीजंट्स कालवा १८२० मध्ये पूर्ण झाला. काठावरची वाट होड्या ओढणाऱ्या घोड्यांसाठी होती, आज तिथून सायकली जातात. पण पुलांच्या कमानींखाली ती इतकी अरुंद आहे की गर्दीच्या वेळी चालणारे आणि सायकलवाले एकमेकांवर चिडतात. आपल्याकडे वाट नव्याने आखायची आहे, तेव्हा नियम सुरुवातीलाच लावावेत: चालणाऱ्याचा पहिला हक्क, वेग ताशी १२ किलोमीटर, घंटी वीस पावले आधी.

शहरातल्या उद्यानांबद्दल थोडेच लिहितो. लहान बागांच्या फाटकांवर 'सायकल आणू नये' अशी पाटी असते आणि दोन मीटरच्या वाटेवर लहान मुले खेळतात तिथे ती योग्यच आहे. मात्र सावंतवाडीला राजवाड्यासमोरच्या मोती तलावाची फेरी आहे. ती रविवारी सकाळी साडेपाच ते साडेसात मोटारींना बंद करून पाहायला बांधकामाचा एक रुपयाही लागत नाही. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधले फेरीचे रस्ते जून २०१८ मध्ये मोटारींना पूर्ण बंद झाले, पण त्याची सुरुवात काही दशके आधी सुट्टीच्या दिवसांपासूनच झाली होती. रुग्णवाहिका आणि एसटीचा मार्ग तेवढा आधी ठरवावा.

कालव्यासाठी परवानगी जलसंपदा विभागाकडून घ्यावी लागते, नगरपालिका किंवा ग्रामपंचायत परस्पर काही करू शकत नाही. म्हणून माझी मागणी माफक आहे. बांद्याच्या परिसरात, शाळेजवळून जाणारा दोन-तीन किलोमीटरचा एक तुकडा निवडावा. पावसाळ्यात कालवा बंद असतो तेव्हा अभियंते, ग्रामपंचायत आणि त्या पट्ट्यातले शेतकरी यांनी तो एकदा पायी चालून पाहावा. गळतीच्या जागा, पंपांच्या जागा आणि रस्ता ओलांडण्याच्या जागा खडूने खुणावाव्यात. दिवाळीनंतर थर टाकायला घेतला, तर आवर्तन ऐन भरात येण्याआधी वाट तयार होईल.

आपला नम्र,
एक सायकलस्वार वाचक
बांदा, ता. सावंतवाडी