उंबरखिंडीत संख्या कुठे अडली?

प्रति,
संपादक

महोदय,

२ फेब्रुवारी जवळ आली की उंबरखिंडीच्या लढाईवर लेख येऊ लागतात आणि बहुतेकांत तेच वाक्य असते: मूठभर मावळ्यांनी हजारो मोगल कापून काढले. वाचायला बरे वाटते, पण त्यात शिवाजी महाराजांची आखणी झाकली जाते. १६६१ च्या त्या दिवशी झुंज झाली, माणसे पडली, पण निकाल लागला तो शरणागतीने.

शाहिस्तेखानाने पुण्याहून कारतलबखानाला कोकण घ्यायला धाडले होते. बरोबर मोगलांची सरदारीण रायबागन, अमरसिंह, मित्रसेन, जसवंतराव कोकाटे अशी तालेवार मंडळी. बोरघाटाची रुळलेली वाट सोडून खान लोणावळ्याच्या दक्षिणेला वळला आणि कुरवंडे घाटाने पायथ्याच्या चावणी गावाकडे उतरू लागला; उंबरखिंड याच वाटेवर. खरी चूक इथे झाली.

घाटातली वाट पायवाट. घोडे एकामागे एक चालवले तर एका घोड्याला तीन मीटर तरी जागा लागते, म्हणजे हजार घोड्यांची रांग तीन किलोमीटरची. पायदळ, ओझ्याचे बैल आणि बाजारबुणगे त्यात धरलेले नाहीत. आघाडी खाली अंबा नदीच्या पात्रापाशी पोहोचते तेव्हा पिछाडी वर घाटातच असते. फौज वीस हजार होती की तीस, यावर लेखक भांडतात. भांडोत. वाटेवर शेजारी दोनच माणसे मावत असतील तर तोंडावर लढणारे दोनच; उरलेले मागून रेटा देणारे.

महाराजांनी या रांगेला मुद्दाम आत येऊ दिले. दडून बसलेल्या टोळीची खरी परीक्षा याच वेळी असते. कोणी घाईने एक बार काढला तर आघाडी थबकते, पिछाडी वर पळते आणि सगळा डाव फुकट जातो. तोड्याच्या बंदुकीत तर आणखी एक खोट: जळत्या वातीचा धूर आणि वास लपत नाही, त्यामुळे वात शेवटच्या घटकेपर्यंत विझलेली ठेवावी लागते. मागचे तोंड अडवणाऱ्या तुकडीचे काम त्याहून अवघड. पुढे गोंधळ ऐकू आला तरी शेवटचा बैल पुढून जाईपर्यंत तिने हलायचे नाही. म्हणूनच अशा लढाईत शूर माणसापेक्षा हुकुमाविना न हलणारा माणूस जास्त मोलाचा ठरतो.

इशारा झाला, दोन्ही तोंडे बंद झाली आणि बाजूच्या रानातून बाण-गोळ्या सुरू झाल्या. घोडेस्वाराला दौडायला जागा नाही, झाडीत भाला फिरवता येत नाही, समोर दिसत नाही त्याच्यावर नेम धरता येत नाही. कवींद्र परमानंदाच्या ‘शिवभारता’त या फौजेच्या हालांचे वर्णन आहे: रानात वारा कोंडलेला, माणसे तहानेने कासावीस. अखेर रायबागनने खानाला सुनावले की या अरण्यात शिरलास हेच चुकले, आता शरण जा. तिच्याइतके स्वच्छ त्या छावणीत दुसऱ्या कोणाला दिसले नसावे.

यापुढचा भाग लेखांत दोन ओळींत उरकला जातो. महाराजांनी सामान, खजिना ठेवून घेतला आणि फौजेला जाऊ दिले. याला केवळ औदार्य म्हणणे अपुरे आहे. हजारो कैद्यांना राखायला आणि पोसायला माणसे कुठून आणायची? शिवाय सुटकेची वाट नाही असे कळलेली फौज जिवावर उदार होते आणि तेव्हा संख्या पुन्हा कामाला येते. मोगलांवर नजर ठेवायला सरनोबत नेताजी पालकरला मागे ठेवून महाराज लगेच दक्षिण कोकणाकडे वळले, ते माणसे शाबूत राहिली म्हणूनच.

हा डाव सगळीकडे चालतो असेही कोणी समजू नये. १६६५ मध्ये मिर्झाराजे जयसिंग कुठल्या खिंडीत शिरलेच नाहीत. त्यांनी पुरंदरला वेढा घातला, भोवतालची गावे जाळली आणि अखेर तहात तेवीस किल्ले घेतले.

तेव्हा यंदाच्या लेखासोबत एक साधा नकाशा तेवढा छापा: वर कुरवंडे, खाली चावणी, मधली वाट, अंबेचे पात्र, आणि रांगेचे तोंड व शेपूट कुठे अडले असेल त्या दोन खुणा.

आपला,
एक वाचक, खोपोली