अडीच लाखांपर्यंत बहीण लाडकी, पन्नास हजारांवर तिचा मुलगा श्रीमंत?

प्रति,
मा. मंत्री, दिव्यांग कल्याण विभाग,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई.

विषय : संजय गांधी निराधार अनुदान योजनेचे अडकलेले पैसे, आणि त्या निमित्ताने थोडं.

मा. महोदय,

स. न. वि. वि. आपल्या राज्याने दिव्यांगांसाठी स्वतंत्र विभाग काढला, त्याबद्दल आपलं अभिनंदन. डिसेंबर 2022 मधल्या त्या बातमीचं कात्रण मी जपून ठेवलंय. गेल्या सप्टेंबरात मंत्रिमंडळाने या योजनेतलं दिव्यांगांचं महिन्याचं अनुदान 1,500 वरून 2,500 केलं, तेव्हा मीच पेढे घेऊन मैत्रिणीच्या घरी गेले होते. ऑक्टोबर 2025 पासून वाढीव पैसे मिळणार होते. ऑक्टोबरपासून आजपर्यंत तिच्या मुलाच्या खात्यावर रुपया आलेला नाही. वरचे हजार राहू द्यात, आधीचे दीड हजारही बंद झाले. पेढ्यांचे पैसे तेवढे माझे गेले.

मी एका करसल्लागारांच्या ऑफिसात बावीस वर्षं लोकांची इन्कम टॅक्सची रिटर्न भरते. सरकारी फॉर्म बघून मला घाम फुटत नाही. म्हणून मैत्रीण म्हणाली, तूच बघ बाई काय ते. ती शाळेपासूनची. नवरा गेला त्याला बारा वर्षं झाली. लोकांच्या घरी पोळ्या लाटते. मुलगा 20 वर्षांचा, घरीदारी सगळे त्याला दादा म्हणतात. सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूच्या इजेमुळे हातपाय ताब्यात नाहीत. दिव्यांगत्व 80 टक्क्यांच्या वर, त्यामुळे यूडीआयडीचं, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राचं, निळं कार्ड. चालता येत नाही, बोलता येत नाही, समोरचा हसला की खदखदून हसतो.

आता हिशोब ऐका. तीन घरच्या पोळ्यांचे तिला महिन्याला 2,000, 2,000 आणि 1,800 मिळायचे. वर्षाचे 69,600. आणि दिव्यांगांसाठी तुमच्या योजनेची कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा 50,000. उत्पन्नाचा दाखला काढायला गेलो तर सेतू केंद्रातला पोरगा म्हणाला, मावशी, 40 हजार लिहा, कोण बघतंय? ही म्हणाली, दादाच्या पैशात खोटं नको. तेव्हा मी, बावीस वर्षं आकडेमोड करणारी शहाणी, तिला म्हटलं की 1,800 चं घर सोड, 48,000 होतील, नियमात बसशील, अनुदान आयुष्यभर येत राहील. दीड हजारांच्या अनुदानासाठी अठराशेचं काम सोडायला लावलं मी. अनुदान दहा महिने आलं आणि थांबलं. त्या घरी आता पोळ्यांना दुसरी बाई लागली आहे. मला रात्री झोप येत नाही ती यामुळे, आणि बीपीच्या दोन गोळ्यांच्या तीन झाल्या त्याही यामुळेच. डॉक्टर म्हणतात, टेन्शन घेऊ नका. तहसीलच्या कोणत्या खिडकीवर ते परत करता येतं ते कळवा.

तीच मैत्रीण लाडक्या बहिणीच्या यादीत आहे बरं का. तिथे मर्यादा अडीच लाख. म्हणजे आई म्हणून ती अडीच लाखांपर्यंत गरीब, आणि तिचं अंथरुणावरचं पोर 50 हजार एक रुपयाला श्रीमंत! सरकार तेच, तिजोरी तीच. विधवा म्हणून तिने अर्ज केला असता तर मर्यादा 21,000, महिन्याला 1,750. एवढ्यात माणूस जगतो तरी का, हे ठरवणाऱ्याने एकदा भाजी आणायला जावं.

पैसे का थांबले, हे कळायला मला अकरा खेपा पडल्या. दोनदा बिनपगारी रजा. पैसे आता डीबीटीने, म्हणजे थेट लाभार्थ्याच्या बँक खात्यावर, येतात आणि दादाचं खातं तो लहान असताना उघडलेलं. बँकेने ते गोठवलं, कारण तो सज्ञान झाला आणि त्याला सही करता येत नाही. आता सही कोण करणार? आई. पण आई हीच त्याची पालक आहे, याचा दाखला आणा! पोटात वाढवलं, वीस वर्षं उचलून फिरवलं, हा पुरावा चालत नाही. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांची स्थानिक समिती आहे, ती पालकत्व देते. कायद्यात लिहिलंय की तिची बैठक तीन महिन्यांतून एकदा तरी व्हावी. आमचा अर्ज जाऊन पाच महिने झाले. विचारलं की उत्तर एकच, साहेब निवडणुकीच्या कामात आहेत. निवडणुका कधी नसतात या राज्यात?

आणि आधार. दादाची मूठ घट्ट वळलेली असते. मशीनवर बोट ठेवायचं म्हणून त्याच्या आईने एकेक बोट सोडवलं, पदराने पुसलं, वर खोबरेल लावून पुन्हा पुसलं. तिसरं बोट सोडवेपर्यंत पहिलं पुन्हा आत. मशीनवाला दर वेळी ‘पुन्हा’ म्हणायचा. दादाला तो खेळ वाटला, तो हसत सुटला आणि मशीन लाल दिवा दाखवत राहिलं. शेवटी डोळ्यांवर भागलं. चाळीस मिनिटं. मागे रांगेत एक जण म्हणाला, घरीच करून आणायचं ना.

आमच्या तहसीलमध्ये संजय गांधी शाखा पहिल्या मजल्यावर आहे. लिफ्ट नाही. खाली रॅम्प आहे, त्यावर कर्मचाऱ्यांच्या गाड्या लागतात. 2016 च्या कायद्याने जुन्या सरकारी इमारती सोयीच्या करायला नियम आल्यापासून पाच वर्षं दिली होती. नियम जून 2017 चे, म्हणजे मुदत जून 2022 लाच संपली. बोर्ड मात्र मुदतीत बदलला. ‘अपंग’वर रंग मारून ‘दिव्यांग’ लिहिलंय. रंग पातळ लागल्यामुळे खालचं ‘अपंग’ अजून वाचता येतं. दादाला कडेवर घेऊन वर गेलो तर टेबलामागून प्रश्न आला, हयातीचा दाखला आणलाय का? दादा त्यांच्या हातातलं पेन ओढत होता.

राग कुणा एका क्लार्कचा नाही हो. एकाच माणसाकडे सगळ्या तालुक्याच्या फायली, त्यात संगणक बंद. माझा राग वेगळाच आहे आणि तो माझ्याच टेबलावरचा आहे. दर जुलैत मी एका मोठ्या पगाराच्या माणसाचं रिटर्न भरते. त्याची मुलगी दादासारखीच, 80 टक्क्यांवर. इन्कम टॅक्सच्या कलम 80डीडीखाली, दिव्यांग माणूस सांभाळतो म्हणून, त्याला करपात्र उत्पन्नातून 1,25,000 ची वजावट. खर्चाची एक पावती द्यावी लागत नाही. 30 टक्के आणि वर सेस धरला तर कराचे 39,000 वाचतात, एसीत बसल्या बसल्या. त्यानेही घ्यावेत, त्यालाही लेकरू सांभाळायचं आहे. शिवाय नव्या करप्रणालीत ही वजावट मिळतच नाही, म्हणजे त्याचीही सवलत कधी ना कधी जाणार. पण माझ्या मैत्रिणीला कागदावर मिळायचे वर्षाचे 30,000, आणि त्यासाठी तिने गरिबी सिद्ध करायची, काम सोडायचं, पोर खांद्यावर घालून जिने चढायचे. कर भरण्याइतकं ज्याला मिळतं त्याला जास्त, विनाचौकशी. जिला मिळत नाही तिला कमी, तेही पंचनामा करून. इंग्लंडात चाइल्ड टॅक्स क्रेडिट नावाची मुलांसाठीची मदत होती. कर न भरणाऱ्या आईलाही ती मिळायची आणि मूल दिव्यांग असेल तर रक्कम जास्त असायची. एप्रिल 2025 मध्ये ती बंद करून युनिव्हर्सल क्रेडिट या एकत्रित मदतीत घातली, तिथलेही लोक ओरडतायत. म्हणजे कुठेच स्वर्ग नाही, हे मला कळतं. इन्कम टॅक्स तुमच्या खात्यात येत नाही, हेही कळतं. केंद्राचं म्हणाल तर त्यांच्या दिव्यांग पेन्शनमधला वाटा 2012 पासून 300 रुपये. तीनशे! एवढ्यात दादाचे आठवड्याचे डायपर येत नाहीत.

2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात 29 लाखांवर दिव्यांग होते. 2021 ची जनगणना झालीच नाही. मोजायचेच नसले की काही करावंही लागत नसेल.

मी तीन मागण्या लिहायला बसले होते. एक, उत्पन्नाची मर्यादा लाडक्या बहिणीइतकी करा. दुसरी, आईवडील जिवंत असतील तर अनुदान त्यांच्या खात्यावर टाका आणि पालकत्वाचा दाखला मागाहून घ्या. तिसरी काय होती ते आता आठवत नाही. शाखा तळमजल्यावर आणा, ही असावी.

पालकत्वाची बैठक पुढच्या महिन्यात आहे म्हणतात. मी रजा टाकली आहे. जिल्हाधिकारी कार्यालयात लिफ्ट आहे असं ऐकलंय. त्या दिवशी ती चालू असणार का, एवढं तरी कुणाकडून कळवा. नाहीतर माझ्या भावाला आत्ताच सांगून ठेवावं लागेल. दादा आता 46 किलोचा झालाय आणि आम्हा दोघींच्यानं दोन मजले होत नाहीत.

आपली,
एक करदाती
(पत्ता देत नाही, मैत्रिणीची फाईल अजून तुमच्याकडेच आहे.)