घोट्याचा दाब घाईने मोजू नका

महोदय,

मधुमेह शिबिरांत पायाचा रक्तप्रवाह आता हातातल्या डॉपलरने (ध्वनिलहरींनी रक्तप्रवाहाचा आवाज ऐकवणाऱ्या यंत्राने) तपासतात, हे चांगलेच आहे. पण घाईत घेतलेला आकडा फसवतो. रुग्णाला आधी 5 ते 10 मिनिटे उताणे झोपवावे; रांगेतून चालत आलेल्याला लगेच रक्तदाबाचा पट्टा बांधू नये. घोट्याला डॉपलरचा 8 मेगाहर्ट्झचा प्रोब (त्वचेवर टेकवायची कांडी), भरपूर जेल आणि त्वचेशी 45 ते 60 अंशांचा कोन हवा. प्रोब काटकोनात धरला की आवाज जवळपास नाहीसा होतो आणि धमनी बंद असल्याचा भास होतो. जोरात दाबला, तर पायाच्या पाठीवरची धमनी खरोखरच मिटते.

घोट्याच्या रक्तदाबाला दंडाच्या रक्तदाबाने भागून 0.9 किंवा त्याहून कमी आले, तर धमनी अरुंद झालेली असण्याची दाट शक्यता. पण 1.4 च्या वर आले की ‘उत्तम’ असा शेरा मारतात, तो घातक आहे. जुन्या मधुमेहात धमनीच्या भिंतीत कॅल्शियम साठते, ती पट्ट्याने दबतच नाही आणि आकडा खोटाच वाढतो. तिथे पायाच्या अंगठ्याचा दाब घ्यायलाच हवा. बोटांच्या बारीक धमन्या सहसा इतक्या कडक होत नाहीत. शिबिराच्या आयोजकांनी अंगठ्याचा छोटा पट्टाही सोबत ठेवावा.

– रक्तवाहिनी तपासणी तंत्रज्ञ, पुणे