नाना, तुमचं भिंग आमच्याकडेच आहे

आदरणीय नाना,
सप्रेम नमस्कार.

जळगाव-धुळ्याकडच्या आम्हा नोटवेड्यांचं हे जाहीर पत्र. जन्मभर बँकेच्या खिडकीमागे नोटा मोजलेल्या माणसाने आमचा संग्रह चार रविवार बसून लावून दिला आणि चहापलीकडे काही घेतलं नाही. जाहीर अशासाठी, की खानदेशात अजून बऱ्याच घरांत माळ्यावर पत्र्याची पेटी आहे आणि पेटीत नोटा आहेत.

पहिले आभार तुमच्या "ऱ्हाऊ दे भो!" चे. नोटेला पाणी, खोडरबर, इस्त्री, चिकटपट्टी काही म्हणता काही लावायचं नाही. धुतलेल्या नोटेची करकर जाते, इस्त्रीने छपाईचा उठाव दबतो आणि तिरप्या उजेडात कागद नको तितका चमकतो. जुनी चिकटपट्टी ओढली तर शाईसकट कागदाचा पापुद्रा निघतो, म्हणून तीही तशीच ठेवायची. आणि डाव्या बाजूची भोकं? ती उंदराची नाहीत, बँकेची आहेत. गड्डीला पिना मारायची पद्धत रिझर्व्ह बँकेने 2001 मध्ये बंद करायला सांगितली, त्याआधीच्या कोऱ्या नोटेलाही भोकं असायचीच. भाव थोडा उतरतो, नोट खोटी ठरत नाही.

मधोमध जोडलेली, एकाच बाजूने छापलेली जुनी नोट म्हणजे फाटकी नोट, असं आम्ही धरून चाललो होतो. तुम्ही कारण सांगितलंत. टपालात चोरी होऊ नये म्हणून नोट कापून अर्धी आधी पाठवायची, ती पोचल्याचं कळलं की उरलेली अर्धी. तेव्हा जोड म्हणजे खोट नव्हे, व्यवहाराची खूण. फक्त दोन्ही तुकड्यांवर नंबर एकच आहे ना, ते भिंगाखाली पाहायचं. तेव्हा देशाचे नोटांपुरते विभाग, म्हणजे सर्कल, पाडलेले होते; आपला मुलूख मुंबई सर्कलमधला. 5, 10, 50 आणि 100 च्या नोटा 1903 ते 1911 या काळात टप्प्याटप्प्याने साऱ्या देशासाठी खुल्या झाल्या. त्याआधी परक्या सर्कलची नोट वटवायची हक्काची जागा इथे नव्हतीच.

सगळ्यात मोठं नुकसान वाचलं ते अल्बममुळे. बाजारातले स्वस्त, मऊ, वास येणारे कप्पे पीव्हीसीचे. भुसावळ-जळगावच्या मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो. पत्र्याच्या छताखाली हे प्लॅस्टिक घाम सोडतं, नोट चिकटते आणि हळूहळू सुटणारं आम्ल कागद खातं. तुमची परीक्षा सोपी आहे. तांब्याची तार चिमट्यात धरून लाल होईस्तोवर तापवायची, कप्प्याच्या कोपऱ्याला टेकवायची आणि पुन्हा ज्योतीत धरायची. ज्योत हिरवी झाली की पीव्हीसी. (हे अंगणात करा, धूर वाईट असतो. आणि कप्पा आधी रिकामा करा, हे सांगावं लागतं!) मायलरचे, म्हणजे पॉलिएस्टरच्या पारदर्शक पातळ प्लॅस्टिकचे, कप्पे महाग पडतात, पण नोटेला धोका नाही. डांबराच्या गोळ्या नकोत, लॅमिनेशन तर नकोच नको. वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या नोटेवर तपकिरी डाग उतरतो. कपाट आतल्या भिंतीचं, बाहेरच्या तापणाऱ्या भिंतीचं नव्हे.

वहीचे रकाने तुम्ही आखून दिलेत: किंमत, नंबर, त्याआधीचं अक्षर, नंबरालगतचं बारीक इनसेट अक्षर, सही, साल. एक रुपयावर गव्हर्नर नव्हे, वित्त सचिव सही करतो. रिझर्व्ह बँकेच्या नोटांवर मागे साल येऊ लागलं 2005 पासून, त्याआधी सहीवरूनच काळ बांधायचा. म्हणून सहाव्या जॉर्जच्या नोटेवर तेव्हाचे गव्हर्नर चिंतामणराव देशमुख यांची सही दिसली, की ती 1943 नंतरची. मराठी माणूस त्या सहीपायी खुशाल जास्त मोजतो. मोजू दे, पण दहाची तशी नोट दुर्मीळ नाही, हे तुम्ही तोंडावर सांगितलंत. दुर्मीळ म्हणावी ती 1918 ची अडीच रुपयांची, म्हणजे 2 रुपये 8 आण्यांची. पहिल्या महायुद्धात चांदी आटली म्हणून निघाली आणि 1926 मध्ये बंद झाली. आमच्याकडे ती नाही, असूही नये इतकी महाग आहे. त्यापेक्षा देशमुखांनंतरचे गव्हर्नर बेनेगल रामा राव यांच्या सहीच्या नोटांवरचं 'रुपया' आणि 'रुपये' शोधण्यात जास्त गंमत आहे. आधी अनेकवचनालाही 'रुपया' असं चुकीचं हिंदी छापलं, मग 'रुपये' असं सुधारलं. दोन्ही मिळाल्या की जोडी पुरी.

आणि बंद झालेल्या 500-1000 च्या नोटा. 2017 च्या कायद्याप्रमाणे एरवी कुठल्याही मिळून 10, आणि अभ्यास-संग्रहासाठी 25 पर्यंत. त्याहून जास्त सापडल्या तर दंड किमान 10,000 रुपये किंवा दर्शनी किमतीच्या पाचपट, यातलं जे जास्त ते. तुमच्यामुळे आम्ही वेळीच मोजल्या. ट्रॅक्टरचं चित्र असलेल्या पाचाच्या नोटेला लाखो मिळतात म्हणून आगाऊ 'फी' भरायला निघालेल्या दोघांनाही तुम्हीच अडवलंत. रिझर्व्ह बँक असली फी मागत नाही, तसा जाहीर इशारा तिने 2021 मध्येच दिला आहे.

शेवटच्या पेटीतल्या वीसेक नोटा अजून वहीत चढायच्या आहेत. त्यातल्या दोन सह्या कुणाच्या ते कळत नाही. रविवारी सकाळी भिंगासकट आणतो, ऊन तापायच्या आत.

आपले,
खानदेशातले नोटसंग्राहक