डॉक्टरकाका, हे तोंडावर बोलू देत नाही म्हणून

ती. डॉक्टरकाका,
सा. न.

आभार मानायला तोंड उघडलं की तुम्ही "चला, पुढचा पेशंट" म्हणता, म्हणून हे उघड पत्र. आमच्या एका घरात तिघांची अपेंडिक्सची ऑपरेशनं झाली, तीन वेगळ्या वयांत, आणि तिन्ही वेळा पहिली शंका तुम्हालाच आली.

पुतण्याचं सोपं होतं. सोळा वर्षांचा मुलगा. बेंबीपाशी सुरू झालेलं दुखणं रात्रीत उजवीकडे खाली उतरलं, मग उलटी, अन्नावरची वासना उडालेली. हा आजार 10 ते 30 वयात जास्त दिसतो आणि बहुधा असाच सरळ दिसतो. दुर्बिणीतून ऑपरेशन झालं, पोरगा आठवड्यात कॉलेजला.

धाकटीचं तसं नव्हतं. चार वर्षांची पोर, कुठे दुखतंय विचारलं की पोटभर हात फिरवायची. जुलाबही होत होते, त्यामुळे घरात सगळ्यांचं एकच, काहीतरी बाधलं असेल. बेंबीवर हिंग लावून झाला होता. तुम्ही तिला टेबलावर न झोपवता जमिनीवर उभं केलंत. "बेडूकउडी मार बघू." एरवी पलंगावरून उड्या टाकणारी ती जागची हलेना, कमरेत वाकून माझ्या ओढणीचा पदर धरून उभी राहिली. तेवढ्यावर तुम्ही सोनोग्राफीची चिठ्ठी लिहिलीत. सर्जन नंतर म्हणाले, इतक्या लहान मुलांना धड सांगता येत नाही, आणि पोटातला वपेचा, म्हणजे आतड्यांवर पसरलेल्या चरबीचा, पडदा पातळ असल्याने अपेंडिक्स फुटलं तर पू एका जागी थोपत नाही, पोटभर पसरतो. पाच वर्षांखालच्या कित्येकांचं निदान होईपर्यंत ते फुटलेलं असतं. हिचं फुटायच्या बेतात होतं.

आणि सासूबाई! वय 74. "जरा जड वाटतंय" एवढीच तक्रार. ताप नाही, रक्तातल्या पांढऱ्या पेशीही नॉर्मल. त्यांना हवं होतं एरंडेल. तुम्ही पोटाच्या उजव्या कोपऱ्यात हळूच बोटं दाबलीत, त्यांच्या कपाळावरची आठी पाहिलीत आणि मला म्हणालात, "एरंडेलाची बाटली आधी माळ्यावर टाका." सुजलेल्या अपेंडिक्सवर जुलाबाचं औषध म्हणजे ते फुटायला निमंत्रण. या वयात पोट ओरडत नाही, नुसतं कुरकुरतं, हे तुमचंच वाक्य. सीटी स्कॅनला पाठवताना आधी क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची रक्तचाचणी, बघून घ्या, स्कॅनसाठी शिरेतून देतात त्या डायचा भार किडनीवर नको, हेही तुम्हीच चिठ्ठीवर लिहिलंत. स्कॅनमध्ये अपेंडिक्सभोवती पू निघाला.

आईंनी श्रेय ग्रामदेवतेला देऊन टाकलंय. निम्मं तरी तुमच्याकडे वळवायचा माझा प्रयत्न चालू आहे.

उतारवयात अशा सुजेमागे कधी कधी मोठ्या आतड्याच्या तोंडाशी कॅन्सरची गाठ असते, म्हणून कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी, टाळू नका, असं तुम्ही बजावलं होतंत. ती झाली, रिपोर्ट स्वच्छ आहे. सोमवारी फाइल घेऊन येते, सोबत आईही आहेत. त्यांनी तुमच्यासाठी कुळथाचं पीठ दळून ठेवलंय. आणि या खेपेला फी घ्यायचीच, काका. मागच्या दोन्ही वेळा तुम्ही बोलण्यात गुंतवून टाळलीत.

तुमची,
तीन टाकेवाल्यांची सून