काकू, ब्रसेल्स स्प्राउट्ससाठी मनापासून आभार

प्रिय काकू,
सप्रेम नमस्कार.

यंदा नाताळाच्या तोंडावर आमच्या परसातून टोपलीभर ब्रसेल्स स्प्राउट्स, म्हणजे कोबीसारखे इवलेसे गड्डे, निघाले. सगळे घट्ट, एकही उमललेला नाही. फोनवर तुमचे आभार मानले, पण मन भरलं नाही. शिवाय इथे इंग्लंडात नव्याने घर घेऊन मागे भाजी लावू बघणाऱ्या आपल्या माणसांनाही तुमचं म्हणणं कळावं, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितेय.

सर्वांत मोठे आभार माती तुडवायला लावल्याबद्दल. वाफा म्हटला की माती भुसभुशीत हवी, हेच लहानपणापासून ऐकलेलं. तुम्ही मात्र जूनमध्ये रोपं लावताना प्रत्येक बुंध्याभोवती टाचेने माती दाबून घ्यायला सांगितलीत. मग एका रोपाचं पान चिमटीत धरून वर ओढलंत. पान फाटलं, रोप जागचं हललं नाही. ‘आता बरोबर,’ म्हणालात. हे झाड कमरेपर्यंत वाढतं, वर जड होतं आणि शरदातल्या वाऱ्यात डोलायला लागतं. मूळ सैल असेल तर गड्डे घट्ट न होता पसरट उमलतात, हे तुम्ही तिथेच उभं राहून समजावलंत. दोन रोपांत अडीच फूट जागा सोडायला मी कां कूं करत होते. ऑगस्टमध्ये पानं एकमेकांना भिडली तेव्हा पटलं.

चुन्याचंही तसंच. आम्लधर्मी मातीत कोबीवर्गाच्या मुळांना क्लबरूट या रोगाच्या गाठी येतात, म्हणून हिवाळ्यातच चुना घालून ठेवायचा, पण शेणखताबरोबर नाही. जाळी तर लावलीच, कबुतरांसाठी आणि पांढऱ्या फुलपाखरांसाठीही. तरी जाळीला टेकलेल्या एका पानाखाली पिवळ्या अंड्यांचा पुंजका सापडला, तो तुम्ही सांगितलं होतंत तसा बोटानेच चिरडला.

ऑक्टोबरमध्ये खालचे गड्डे तयार दिसत होते आणि मला धीर धरवत नव्हता. ‘एक-दोन फ्रॉस्ट पडू देत,’ म्हणजे दव गोठवणारी थंडी, असं तुम्ही निक्षून सांगितलंत. थंडीत झाड साखर साठवतं आणि कडवटपणा मागे पडतो. घरच्यांनी ही भाजी आजवर ताटात बाजूला सारलेली. यंदा मोहरी, हिंग, हिरवी मिरची आणि वर ओलं खोबरं घालून केली तर कढई पुसून खाल्ली. खालून वर तोडत जायचं, पिवळी पानं काढत राहायचं, हेही पाळतेय. शेंड्याची पानं शेवटी कोबीसारखी परतणार आहे.

ज्या बेडफर्डच्या नावाने ‘बेडफर्ड फिलबास्केट’ हे जुनं वाण आहे, तिथे राहून ही भाजी दुकानातून आणायची हे तुम्हाला रुचत नव्हतं. आता मलाही रुचत नाही.

यंदाच्या वाफ्यात पुन्हा कोबीवर्ग नको, हे लक्षात आहे. तिथे वाटाणा घालीन आणि स्प्राउट्स घेवड्याच्या जागी नेईन. एप्रिलमध्ये ट्रेमध्ये बी टाकताना तुमच्यासाठीही रोपं करते. गुडघा दुखतोय तोवर तुम्ही वाकू नका, लावायला आणि तुडवायला मी येते.

तुमची,
समोरच्या घरातली